छबूबाईंच्या पाटाला पसंत पडलेली

मी मोटरसायकल बोलतेय. अडीचशे सीसीची जावा, रंग मरून, टाकीच्या दोन्ही गालांना चकचकीत पत्रा, मागे उजवीकडे एक आणि डावीकडे एक असे दोन सायलेन्सर. एवढं वर्णन पुरे, कारण स्वतःच्या रूपाबद्दल बोलायला लागले की मला थांबता येत नाही आणि माझ्या मालकिणीला ते खपत नाही. मालकीण म्हणतेय मी, मालक नाही. कागदावर नाव मच्छिंद्रचं आहे, हँडलही त्याच्याच हातात असतं, पण मला कुणासाठी घेतलं हे तिसगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

माझा जन्म म्हैसूरच्या कारखान्यात झाला. तिथे रांगेत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बहिणी कुठे कुठे गेल्या, कोण जाणे. मला १९७१ च्या सुरुवातीला आधी मालगाडीतून आणि मग ट्रकमधून नगरला आणलं आणि आबासाहेबांच्या दुकानात उभं केलं. आबासाहेब रोज सकाळी उदबत्ती आधी देवाला ओवाळायचे, मग आम्हाला.

दुकानात माझ्या डाव्या अंगाला साडेतीनशे सीसीची काळी, धिप्पाड गाडी होती आणि उजव्या अंगाला पावणेदोनशेची सडपातळ. त्यांची नावं घेत नाही, दोघीही कुठेतरी सुखाने नांदत असतील. मधल्या मुलीचं घरात जे होतं तेच माझं तिथे होत होतं. गिऱ्हाईक यायचं, काळीवर बसून आरशात भांग सारखा करायचं, मग सडपातळीपाशी जाऊन "ही पेट्रोल किती पिते?" असं विचारायचं आणि मला वळसा घालून चहा प्यायला निघून जायचं. मला मेलं वाईट वाटायचं. वळणावर मी काळीपेक्षा चपळ, लांबच्या रस्त्याला सडपातळीपेक्षा दमदार. पण उभ्या उभ्या हे सांगणार कसं आणि कुणाला?

मग एके दिवशी दोन माणसं दुकानात शिरली. एक साठीचे, डोक्याला पटका, पायात करकरत्या वहाणा, काखेत गुंडाळलेलं पोतं. दुसरा चोविशीतला, केसांना तेल, डोळे आधीच काळीवर खिळलेले. पोत्यात पूजेचा नारळ असेल असं आबासाहेबांना वाटलं. म्हाताऱ्याने पोतं सोडलं तर आतून निघाला लाकडी पाट. भाकरी थापताना बाईमाणूस बसते ना, तसला, कडा झिजलेला.

हे होते तिसगावचे कारभारी. कारभारी हे त्यांचं पाळण्यातलं नाव. बैल पारखण्यात पाथर्डी तालुक्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बरोबर होता तो त्यांचा मुलगा मच्छिंद्र. आणि पाट होता छबूबाईंचा, म्हणजे मच्छिंद्रच्या आईचा.

त्याची हकिकत अशी. मच्छिंद्रची थोरली बहीण राहीबाई आमच्याच जिल्ह्यातल्या, प्रवरेकाठच्या अकोल्याला दिलेली. जावई आसाराम तिकडे ग्रामसेवक. लग्नाला सात वर्षं झाली, पण सात वर्षांत छबूबाईंनी लेकीचं घर डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. कारण एकच, त्यांना एसटी लागायची. तीही साधीसुधी नाही. डिझेलचा वास नाकात शिरला की बाई पांढऱ्याफटक पडायच्या. एकदा निघाल्या, त्या करंजीला उतरून चालत घरी परत आल्या. दुसऱ्यांदा नगरपर्यंत पोचल्या आणि स्टँडवरच आडव्या झाल्या. बैलगाडीने अकोलं गाठायचं तर जाऊन येऊन आठवडा मोडायचा. त्यामुळे दरवेळी राहीबाईच माहेरी यायची.

आता राहीबाईने अकोल्यात स्वतःचं घर बांधलं होतं. चैत्रात वास्तुशांती. तिने आसारामबरोबर निरोप धाडला, "आई आली न्हाई तर मी पूजेला बसनार न्हाई. हितली मानसं इचारत्यात, तुला आई हाय का न्हाई म्हनून." हा निरोप ऐकल्यापासून छबूबाईंना जेवण गोड लागेना. त्यावर मच्छिंद्रने मोटरसायकलचा विषय काढला. उघड्यावर बसायचं, डिझेलचा वास नाही, घुसमट नाही. खरं सांगायचं तर त्याला मोटरसायकलचा नाद आधीपासूनच होता, आईचं निमित्त झालं. विहिरीला पाणी बरं होतं, दोन सालं कांद्याने हात दिला होता, म्हणून कारभारीही हो म्हणाले. पण पारख करायला छबूबाई दुकानात येणार कशा? नगरला यायचं म्हणजे पुन्हा एसटीच. म्हणून त्यांनी आपला पाट दिला. "ह्यो ज्या गाडीवर नीट बसंल ती आना," त्या म्हणाल्या, "मला तेवढीच जागा लागती."

तर अशी माझी निवड सुरू झाली.

कारभारींनी पहिल्यांदा पाट काळीच्या मागच्या बैठकीवर ठेवला. बसला, पण उंच बसला. "हिच्यावर चढायला तिला उखळ लागंल," ते म्हणाले. मच्छिंद्रने काळी चालू करून दाखवली. धडधड धडधड सगळं दुकान हाललं. त्याचे डोळे चमकले. कारभारी म्हणाले, "आवाज लई मोठा. घरात मी एक हाय तेवढा पुरे."

मग सडपातळीवर पाट ठेवला, तर तो मागून वीतभर बाहेर आला. "ही बिचारी एकट्याची हाय," म्हणून त्यांनी तिच्या टाकीवर हात फिरवला आणि तिला सोडलं.

माझ्यावर पाट ठेवला आणि तो असा बसला, जणू सुताराने मापच घेतलं होतं. मी श्वास रोखून उभी. पण कारभारी एवढ्यावर भुलणारे नव्हते. बैलाभोवती फिरतात तसे ते माझ्याभोवती फिरले. चाकं दाबली. खाली वाकून पोट पाहिलं. माझ्याकडे किक मारायची आणि गिअर टाकायची दांडी एकच आहे, ती आधी आत दाबून वर वळवावी लागते. ते पाहून ते खूश झाले, म्हणाले, "एकाच पायात दोन गुन." मग कमरेवर हात ठेवून आबासाहेबांना विचारलं, "आता खोड सांगा."

"कसली खोड?"

"जनावर इकताना खोड सांगायची रीत हाय. मारकं हाय, बसकं हाय, रातचं दावं तोडतंय, काय आसंल त्ये."

"अहो, कोरी करकरीत गाडी आहे ही," आबासाहेब दुखावले. "हिला कसली आलीय खोड?"

"बिनखोडीचं जनावर मी आजून बघितलं न्हाई. तुमी सांगत न्हाई म्हंजी मोठीच आसंल." आणि त्यांनी पाट उचलून पोत्यात घालायला घेतला.

माझा जीव टाकीत आला. आबासाहेबांनी घाईने डोकं खाजवलं. "थांबा हो. सांगतो. हिच्या पेट्रोलात तेल मिसळावं लागतं. पंपावर मापाने मिसळून देतात. नुसतं पेट्रोल घातलं तर आतून कोरडी पडते आणि मग चालत नाही."

कारभारींचा चेहरा फुलला. "आसं बोला की! बैलाला बी तेल पाजावंच लागतं. ही काय खोड न्हाई, ही खानदानी गोष्ट हाय. मच्छू, हीच घ्यायची."

मच्छिंद्रचं मन अजून काळीपाशी घुटमळत होतं. आबासाहेबांनी त्याला माझ्यावर भिंगारपर्यंत एक फेरी मारायला लावली. जाताना तो पाहुण्यासारखा अवघडून बसला होता. परतीच्या वळणावर मी जरा कलंडले, त्याने गिअर टाकला, मी उसळी घेतली, आणि तो एकटाच मोठ्याने हसला. दुकानात आल्यावर त्याने काळीकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. माझ्या आयुष्यातला तो पहिला विजय.

तिसगावात माझं स्वागत नव्या सुनेसारखं झालं. चाकांवर पाणी घातलं, टाकीला हळदकुंकू लावलं, हँडलला लिंबू-मिरची बांधली. छबूबाई बाहेर आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी मला आधी हुंगलं. खरंच सांगते, अगदी टाकीला नाक लावून. "वास हाय," त्या म्हणाल्या, "पर पोटात ढवळत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मढीच्या कानिफनाथांच्या दर्शनाला पहिली फेरी निघाली. गल्लीतल्या बायका बघायला जमल्या. शेजारणीने सांगितलं, एका बाजूला पाय सोडून बसा, तसं शोभतं. छबूबाईंनी विचार केला, नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि पाय टाकून दोन्हीकडे बसल्या. "काष्टा कशासाठी घालतोय मग?" त्या म्हणाल्या. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पण मढीहून आम्ही परत आलो तेव्हा छबूबाईंचा रंग जात्या वेळी होता तसाच होता, आणि हे पाहून कारभारी तडक गोठ्यात निघून गेले. मला वाटलं, माणूस रुक्ष आहे. बायकोला दोन शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं?

नवं इंजिन फार दामटायचं नसतं, म्हणून मच्छिंद्रने मला महिनाभर जपून चालवलं. पाथर्डी, शेवगाव, मिरी, असं जवळपास फिरवलं. चैत्र उजाडला. पूजेच्या दोन दिवस आधी आम्ही निघायचं ठरलं. कारभारी येणार नव्हते. बैल आहेत, गाय व्यायला झाली आहे, मळणी राहिली आहे, अशी त्यांनी कारणं सांगितली. तसं गाडीवर दोघांनाच जागा होती.

निघायच्या दिवशी पहाटे छबूबाई न्हाणीत आणि मच्छिंद्र पिशव्या बांधण्यात गुंतलेला. कारभारी हळूच माझ्यापाशी आले. हातात बैलाला तेल पाजायचं बांबूचं नळकांडं. घरच्या करडईचं, गावच्या घाण्यावर काढलेलं तेल त्यांनी काठोकाठ भरून आणलं होतं. लांबच्या वाटेला बैल जुंपायचा तर आधी तेल पाजायचं, ही त्यांची रीत. त्यांनी माझ्या टाकीचं झाकण काढलं.

"लांबचा पल्ला हाय बाई," ते माझ्या कानाशी म्हणाले. कान म्हणजे माझा हॉर्न. "तिला नीट पोचीव. सात वर्सं झाली."

आणि सगळं तेल माझ्या पोटात ओतलं. मी काय करणार? बैल निदान मान हलवतो. मी मुकाट्याने प्यायले. चव वाईट नव्हती, पण ती माझी नव्हती.

पहिले काही मैल आधीच्या पेट्रोलवर ठीक गेले. करंजीचा घाट चढताना मला ठसका लागला आणि मागच्या दोन्ही नळ्यांतून पांढरा धूर निघाला. साधा धूर नव्हे, तळणीचा. करंजीच्या माथ्यावर एक गुराखी उभा राहून ओरडला, "कुनाच्या लग्नाची भजी हायती वो?" भिंगारमध्ये दोन कुत्री आमच्यामागे बरंच अंतर धावली. मच्छिंद्र सारखा मागे वळून पाहत होता. छबूबाई मात्र मजेत होत्या. नगर ओलांडलं तेव्हा त्यांनी स्टँडकडे बोट दाखवून सांगितलं, "ततं मी आडवी झालते." जणू एखादा गड जिंकून पुढे चालल्या होत्या.

विळदचा घाट उतरून राहुरीच्या अलीकडे पोचलो आणि मी थांबले. थांबायचं नव्हतं मला. पण आतला प्लग काजळीने माखला आणि ठिणगी पडेना. मच्छिंद्रने किक मारून मारून घाम काढला. रस्त्याकडेला एक रसवंती होती, तिथल्या लिंबाखाली त्याने मला ढकलत नेलं. प्लग काढला, पुसला, पुन्हा लावला. मी दोनदा खोकले आणि गप्प झाले.

ऊन चढलं. छबूबाई एकदा रस्त्याकडे पाहायच्या, एकदा माझ्याकडे. तेवढ्यात नगरकडून संगमनेरला जाणारी एसटी आली. छबूबाई उठल्या आणि त्यांनी हात केला.

"आई, काय करतीस?"

"जाते. वकारी आली तर येऊ दे. मरत न्हाई मी त्यानं."

एसटी थांबली. कंडक्टर म्हणाला, "चला मावशी, चला." छबूबाईंनी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं. आतून डिझेलचा भपकारा आला. मी त्यांचा चेहरा पाहत होते. ओठ घट्ट मिटले, कपाळावर घाम आला, आणि दुसरं पाऊल काही उचललं गेलं नाही. कंडक्टरने थोडा वेळ वाट पाहिली आणि घंटी मारली. एसटी गेली. छबूबाई रस्त्याच्या कडेला तशाच उभ्या राहिल्या आणि त्यांना रडू कोसळलं. मला इतकं अपराधी कधीच वाटलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्या लिंबाखाली येऊन माझ्या मागच्या चाकाशी बसल्या. पदराने डोळे पुसले, नाक पुसलं. मग पदर बाजूला करून त्यांनी पुन्हा नाक वर केलं. एकदा हुंगलं. माझ्या सायलेन्सरच्या तोंडाशी वाकून आणखी एकदा हुंगलं. बोटाने आतली चिकट काजळी काढली आणि बोट नाकाशी धरलं.

"मच्छू," त्या म्हणाल्या, "ही आपली करडई हाय."

"काय?"

"आपल्या रानातली. आपल्या घान्यावरची. मी रोज फोडनीला घालते, मला कळनार न्हाई व्हय?" आणि मग त्यांना सगळं लख्ख दिसलं. "त्यांनी पाजलंय हिला."

मच्छिंद्रने कपाळावर हात मारला. तो भडकला, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण छबूबाई हसायला लागल्या. डोळे अजून ओले, त्यात हसू. ज्या नाकाने त्यांना सात वर्षं घरी बसवलं होतं, त्याच नाकाने आज माझी नाडी ओळखली होती.

मग सगळं सोपं होतं. मच्छिंद्रने माझी टाकी रिकामी केली. उसाचा एक ट्रक राहुरीकडे चालला होता, त्यात बसून तो डबा घेऊन पंपावर गेला. छबूबाई माझ्यापाशी राहिल्या. रसवाल्याने दिलेला रसाचा पेला त्यांनी हातात घेतला. मग माझ्या मडगार्डवर हात ठेवून म्हणाल्या, "मला वाटायचं, मी गेले काय न् ऱ्हायले काय, त्यांना काय सुदीक वाटत न्हाई. आन् बघ, नळकांडं भरून पाजलं तुला." एवढंच बोलून त्यांनी रस पिऊन टाकला.

मच्छिंद्र परत आला, योग्य मापाचं पेट्रोल माझ्या पोटात पडलं, प्लग लखलखीत झाला, आणि पहिल्या किकला मी बोलले. मुलं कारभारींना दादा म्हणायची. निघताना छबूबाईंनी बजावलं, "दादांना सांगायचं न्हाई. तेलानंच पोचलो आसं सांग."

राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर. अकोल्यात शिरलो तेव्हा दिवस कलला होता. प्रवरेच्या काठची ती हवा मला पहिल्याच श्वासाला आवडली. आसारामने वाटेवर माणूस उभा केला होता, त्याने घरापर्यंत आणलं. दोन खोल्या, वर कौलं, दाराला निळा रंग, पुढे डालडाच्या डब्यात तुळस. राहीबाई धावत बाहेर आली.

"उतर की आई."

"थांब," छबूबाई म्हणाल्या, "घर बघू दे आदी." आणि माझ्यावर बसल्या बसल्याच त्यांनी ते घर कौलांपासून उंबऱ्यापर्यंत डोळे भरून पाहिलं. तोंड धुळीने माखलेलं, त्यावर पाण्याच्या दोन रेघा. राहीबाईला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. तिच्या सासूबाई साळूबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "आली व्हय तुजी आई! मला वाटलं हुतं, तू उगाच सांगतीस."

चहा झाला. मग राहीबाईने विचारलं, "आन् दादा?"

"बैल हायेत, मळनी हाय," मच्छिंद्रने सांगितलं.

"दादांना काय एसटी लागत न्हाई," राहीबाई म्हणाली. तिचा आवाज जरा दुखरा झाला. "सात वर्सांत एकदा तरी यायचं हुतं. दर साली बैलच कशे आडवे येत्यात?"

मी अंगणात उभी होते, दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. छबूबाईंनी कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "त्ये माझ्याबिगर यायचे न्हाईत, पोरी. मी आडकले, म्हनून त्ये बी आडकून ऱ्हायले. बैलांचं निमित." आणि लगेच आवाज बदलून, "मच्छू, उंद्या तांबडं फुटताना निघ आन् त्यांना घिऊन ये. बैलांकडं शेजारचा गहिनीनाथ बघंल."

"आई, परवा पूजा हाय!"

"म्हनूनच उंद्या जायचं."

त्या सकाळी मी जशी पळाले तशी आधी कधीच पळाले नव्हते. रस्ता मोकळा, मागे ओझं नाही, मच्छिंद्र टाकीवर वाकलेला. मी कशासाठी बनले आहे ते मला त्या दिवशी कळलं. जेवायच्या सुमारास आम्ही तिसगावात हजर.

कारभारी गोठ्यात होते. मागची बैठक रिकामी पाहून त्यांच्या हातातली पेंढी गळाली. "ती कुठाय? पोचली न्हाई?"

"पोचली. तुमाला बोलावलंय."

"मला? मी कसा येनार? बैल..."

"आई म्हनाली, आला न्हाईत तर मी हितंच ऱ्हाते. परत येनार न्हाई."

कारभारी लगबगीने हात धुवायला गेले. नवा पटका बांधून आले आणि हळूच विचारलं, "तेलानं काम केलं?"

मच्छिंद्रने माझ्याकडे पाहिलं. "केलं की. तेलानंच पोचलो."

झालं! म्हातारा नळकांडं आणायला वळला. "कालचंच लई हाय अजून," असं ओरडत मच्छिंद्रने त्यांना धरून माझ्यावर बसवलं.

कारभारी बसले ते बैलगाडीच्या धुरेवर बसावं तसे. करंजीच्या घाटात मला उद्देशून "हो, हो, दमानं" म्हणत होते. माथ्यावर थांबायला लावलं, माझ्या टाकीवर थोपटलं आणि हिला पाणी दाखवायचं का म्हणून विचारलं. मच्छिंद्र हसला. मी हसले नाही. मला इतक्या आपुलकीने कुणीच विचारलं नव्हतं.

अकोल्याला पोचलो तेव्हा अंगणात छबूबाई उभ्या होत्या. एका दिवसातच त्या तिथल्या झाल्या होत्या. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, कारभारींच्या पायांवर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "या. लेकीचं घर दाखवते." आणि खरंच दाखवलं. ही चूल, हे फडताळ, ही मोरी, हितनं सकाळचं ऊन येतं. कारभारी मागे मागे, पटका काढून हातात धरलेला, प्रत्येक भिंतीला हात लावून बघत होते. शेवटी दारात येऊन थांबले.

"माझ्या आदी आलीस व्हय," ते म्हणाले.

"तुमीच तर धाडलं," छबूबाई म्हणाल्या. तेलाचं नाव त्यांनी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी राहीबाई पूजेला बसली. माहेरचा आहेर करायला दोघंही उभे होते, शेजारी शेजारी. सासरच्या सगळ्या माणसांनी पाहिलं. मला अंगणातून नीट दिसत नव्हतं, पण साळूबाईंनी माझ्याही हँडलला हार घातला.

आता १९७४ चाललंय. मधे दुष्काळाची दोन वर्षं वाईट गेली. पेट्रोलाला पैसा नव्हता, मी गोठ्यात बैलांशेजारी उभी असायचे आणि कोंबड्या माझ्या बैठकीवर खुशाल अंडी घालायच्या. उजव्या सायलेन्सरला पोचा आलाय. टाकीचा चकचकीत पत्रा पूर्वीसारखा राहिला नाही, हे सांगताना जीभ अडखळते. पण इंजिन ठणठणीत आहे. अकोलं, वृद्धेश्वर, मोहटादेवी, पैठण, सगळीकडे जाऊन आलेय. कारभारी अजूनही प्रत्येक लांबच्या वाटेआधी तेल घेऊन येतात आणि छबूबाई प्रत्येक वेळी नळकांडं लपवून ठेवतात.

तुम्ही कधी गाडी घ्यायला निघालात तर सीसी विचारा, वेग विचारा, जरूर विचारा. मलाही माझ्या वेगाचा अभिमान आहे. पण दुकानाची पायरी चढण्याआधी घरात एकदा विचारून घ्या, कुणाचं कुठे जायचं राहून गेलंय का. त्याचं उत्तर मिळालं की गाडी निवडणं फारसं अवघड जात नाही.

एक अडचण मात्र कायमची झाली आहे. त्या दिवसापासून दोघं एकमेकांना सोडून कुठे जात नाहीत, आणि तिघांनी माझ्यावर बसायचं नाही असा छबूबाईंचा दंडक आहे. त्यामुळे मच्छिंद्र आधी आईला पोचवतो, मग परत येऊन वडिलांना नेतो. लोकांची जिथे एक खेप, तिथे माझ्या दोन. मी कुरकुरत नाही. आताच छबूबाईंना मढीला सोडून आलेय. कारभारी पटका बांधून दारात उभे आहेत, मच्छिंद्रने किकवर पाय ठेवलाय. तिकडे त्या पायरीवर बसून रस्त्याकडे बघत असतील. येते मी.